किनाऱ्यावरचा विद्यार्थी आणि हातातले यंत्र

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. घरांवरची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब मोडून पडले आणि मोबाइलचे मनोरे मुके झाले. राज्यातील शाळा त्या वेळी मार्चच्या मध्यापासून बंद होत्या आणि १५ जूनपासून नवे शैक्षणिक वर्ष सुरू करावयाचे तर ते वर्गात नव्हे, पडद्यावर सुरू करावे लागणार, हे उघड झाले होते. मुंबई-पुण्याचा विद्यार्थी घरबसल्या वर्गात हजेरी लावण्याचे नवे तंत्र आत्मसात करीत होता, त्याच पंधरवड्यात श्रीवर्धन-दिवेआगरकडचा विद्यार्थी वडिलांबरोबर वाडीतली पडलेली झाडे तोडीत होता आणि रात्री कंदिलाच्या उजेडात बसत होता. अनेक गावांत वीज परत यावयास कित्येक आठवडे लागले. शाळा भरली होती. पण ती त्याच्या गावापर्यंत पोचत नव्हती.

या घटनेकडे केवळ निसर्गाचा कोप म्हणून पाहणे सोयीचे आहे. वादळे येतात आणि जातात, खांब पुन्हा उभे राहतात, मनोरे पुन्हा बोलू लागतात. परंतु वादळाने त्या दिवशी जे उघडे पाडले ते वादळापूर्वीही तेथेच होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१७-१८ मध्ये केलेल्या पाहणीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम साडेचार टक्के कुटुंबांकडे संगणक आणि सुमारे १५ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली होती. नागरी भागात हेच प्रमाण अनुक्रमे २३ आणि ४२ टक्के होते. अशा देशात एका आदेशासरशी सारी शाळा पडद्यावर नेणे म्हणजे काय, याचा अंदाज या आकड्यांवरूनही येऊ शकला असता. शासनाच्या व स्वयंसेवी संस्थांच्या वतीने त्या काळात काही चांगले प्रयत्न झाले, हे नाकारता येणार नाही. 'सह्याद्री' वाहिनीवरून जुलै २०२० मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. आकाशवाणीवरूनही पाठ दिले गेले. 'दीक्षा' या शासकीय व्यासपीठावर पाठ्यपुस्तकांना पूरक असे साहित्य होतेच. परंतु दूरचित्रवाणी असो वा मोबाइल, दोहोंना वीज लागते आणि ज्या गावी वीजच नाही तेथे या दोन साधनांतील फरक उरत नाही.

तथापि प्रश्न विजेपाशी संपत असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. आज रायगडच्या किनाऱ्यावरील बहुतेक गावांत वीज आहे, मनोरे आहेत आणि घराघरांत मोबाइलही आहेत. मग किनाऱ्यावरचा विद्यार्थी शिक्षणासाठी ही साधने वापरावयास शिकला, असे म्हणता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर त्याच जिल्ह्यात किनारा सोडून थोडे आत, सह्याद्रीच्या पायथ्याकडे जावे लागेल आणि काळातही थोडे मागे जावे लागेल.

खैराटचा प्रयोग

कर्जत तालुक्यात खैराट नावाचे गाव आहे. तेथील धनगरवाड्यातील शाळा एकशिक्षकी; पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत बसत. २००७ च्या ऑक्टोबर महिन्यात या शाळेतील बावीस मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे बावीस छोटे संगणक आले. जगातील प्रत्येक गरीब मुलाला स्वतःचा संगणक मिळावा, अशी घोषणा करून अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ मध्ये एक चळवळ सुरू केली होती. 'शंभर डॉलरचा संगणक' या नावाने ती गाजली. प्रत्यक्षात किंमत शंभर डॉलरवर राहिली नाही, ती जवळजवळ दुप्पट झाली. पण यंत्राची रचना विचारपूर्वक केलेली होती. त्याचा पडदा भर उन्हात वाचता येई, धूळ व पाणी सहज आत शिरू नये अशी योजना होती आणि जवळपासची यंत्रे मधल्या कोणत्याही केंद्रावाचून एकमेकांशी जोडली जात. भारतातील त्याची पहिली चाचणी खैराटला झाली. पुढे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अभ्यासकांनीही या शाळेशी संबंध ठेवला.

ही चाचणी होण्यापूर्वीच, २००६ मध्ये, भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना देशभर राबविण्यास नकार दिला होता. ज्या देशात वर्गखोल्या आणि शिक्षक यांचीच निकड आहे तेथे या यंत्रांवर एवढा पैसा खर्च करणे योग्य नव्हे, असा तो युक्तिवाद होता. तो सर्वस्वी चुकीचा होता, असे आज मागे वळून पाहता म्हणवत नाही. पेरू या देशाने ही यंत्रे लाखोंच्या संख्येने घेतली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांत करण्यात आलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसून आले की, यंत्रे मिळालेल्या मुलांच्या गणित व भाषा या विषयांतील गुणांत काहीच फरक पडला नव्हता. मुले यंत्र चालविण्यास शिकली. पण यंत्राने मुलांना गणित शिकविले नाही. शिक्षकांची तयारी करून घेतल्यावाचून आणि अभ्यासक्रमाशी सांधा जुळविल्यावाचून यंत्रे वाटली तर याहून निराळे काही घडण्याचे कारणही नव्हते.

मग खैराटचा प्रयोग आठवावयाचा कशासाठी? त्या यंत्रामागे जी कल्पना होती तिच्यासाठी. ती कल्पना मूळची सेमूर पेपर्ट या गणितज्ञाची. जिनेव्हात पियाजे यांच्याबरोबर काम केलेल्या पेपर्ट यांनी १९६७ च्या सुमारास आपल्या सहकाऱ्यांसह मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकाची भाषा तयार केली. मुलाने पडद्यावरच्या एका कासवाला आज्ञा द्यावयाच्या. इतके पाऊल पुढे जा, इतके अंश वळ. आणि कासवाच्या चालीतून भूमितीची आकृती उमटावयाची. आकृती चुकली तर मूल चुकत नाही, आज्ञा चुकलेली असते. ती शोधावयाची आणि दुरुस्त करावयाची. संगणकाने मुलाला शिकवू नये, मुलाने संगणकाला शिकवावे, असा हा विचार. खैराटच्या यंत्रात असे कासव होते. चित्र काढण्याची, ध्वनी मुद्रित करण्याची, छायाचित्रे टिपण्याची आणि लिहिण्याची सोय होती आणि मुलाने दिवसभरात जे जे केले त्याची नोंद ठेवणारी रोजनिशीही होती. या यंत्राचा भर पाहण्यावर नव्हता, करण्यावर होता.

रायगडला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. याच जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे येथे १८९५ मध्ये विनोबा भावे यांचा जन्म झाला. हाताने केलेल्या कामातून बुद्धीचे शिक्षण व्हावे, या विचाराचा विनोबांनी आयुष्यभर पुरस्कार केला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास जी शिक्षण परिषद भरली आणि जिच्यातून डॉ. झाकीर हुसेन समितीची मूलोद्योगी शिक्षणाची योजना निघाली, तिच्या मुळाशीही हीच श्रद्धा होती. तकली आणि संगणक यांची तुलना कोणाला विचित्र वाटेल. पण तकलीवर सूत काढणारे मूल लांबी, वजन, वेग आणि हिशेब शिकेल, अशी जी अपेक्षा वर्ध्यात बाळगली गेली तीच अपेक्षा पेपर्ट यांनी कासवाकडून बाळगली. साधन मुलाच्या हाती द्यावयाचे ते त्याने काही निर्माण करावे म्हणून. वर्ध्याची योजना मागे पडली त्याची कारणे अनेक आहेत. पण शिक्षकांना न घडविता कार्यक्रम लादला की त्याचे कर्मकांड होते, हे त्यांतील एक कारण होते आणि पेरूत नेमके तेच पुन्हा दिसले.

शासनाची साधने, विद्यार्थ्याचे हात

आपल्याकडे शिक्षणात नवी माध्यमे आणण्याचा उत्साह काही आजचा नव्हे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. जगात त्या प्रयोगाची वाखाणणी झाली. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी वर्ग दूरदर्शनवरून सुरू झाले. त्याच वर्षी निवडक शाळांत ब्रिटिश बनावटीचे संगणक देऊन संगणक-साक्षरतेचा प्रकल्प आरंभिण्यात आला आणि त्याच वर्षी पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली. मराठी मुलांसाठी हजारो शैक्षणिक कार्यक्रम या संस्थेने निर्माण केले. परंतु पुढे निधी आटला, यंत्रसामग्री जुनी झाली आणि २०१७ मध्ये ही संस्था बंद करण्यात आली. मुलांना घरबसल्या शिकविणाऱ्या मराठी कार्यक्रमांची गरज सर्वांत अधिक भासली ती त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी!

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे जाणवते. प्रत्येक वेळी नवे साधन आले ते वरून खाली आले आणि विद्यार्थ्याचे काम ऐकण्याचे व पाहण्याचे राहिले. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची २००१ मध्ये स्थापना झाल्यावर राज्यात संगणक-साक्षरतेचा जो अभ्यासक्रम गावोगावी पसरला त्याने मात्र थोडी निराळी वाट धरली. लाखो तरुणांनी आणि शासकीय कर्मचाऱ्यांनी त्या वर्गांतून प्रथमच कळफलकावर बोटे ठेवली. पत्र टंकलिखित करावे, तक्ता आखावा, हिशेबाची बेरीज यंत्राकडून करून घ्यावी, एवढे कौशल्य त्यातून आले आणि त्याने अनेकांच्या पोटापाण्याची सोय झाली. हे काम लहान नव्हे. परंतु कचेरीसाठी संगणक शिकणे वेगळे आणि शिकण्यासाठी संगणक वापरणे वेगळे. पहिल्यात काय करावयाचे ते ठरलेले असते. दुसऱ्यात प्रश्न विद्यार्थ्याने विचारावयाचा असतो.

शाळांतील संगणक-कक्षांची कथा तर बहुतेक शिक्षकांना ठाऊकच आहे. यंत्रे येतात, त्यांचे पूजन होते, छायाचित्र निघते आणि पुढे ती मोडतील या भयाने कुलपात जातात. किनाऱ्यावरची खारी हवा लोखंडाचीही गय करीत नाही. मग विजेच्या नाजूक जोडण्यांची काय कथा! यंत्र बिघडले तर ते दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गावाहून यावयाचा आणि त्याचे देयक कोणत्या शीर्षाखाली खर्ची टाकावे हे ठरेपर्यंत वर्ष संपावयाचे. ज्या शिक्षकावर साहित्याच्या नोंदवहीची जबाबदारी आहे त्याने ते यंत्र मुलांच्या हाती देण्याचे धाडस का करावे? हा दोष व्यक्तींचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. आपली व्यवस्था यंत्राच्या खरेदीचा हिशेब मागते, त्याच्या वापराचा मागत नाही.

फोन घरी आला, पुढे काय?

आज परिस्थिती पालटली आहे ती शासनामुळे नव्हे, बाजारामुळे. 'असर' या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीनुसार शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ या वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी तो आढळला आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. मात्र वापरता येणाऱ्या मुलांपैकी मागील आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरणारी मुले ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. आणखी एक आकडा लक्षात घेण्यासारखा आहे. फोन वापरणाऱ्या मुलांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के होते, तर मुली केवळ २७ टक्के. घरात एकच फोन असेल तर तो प्रथम वडिलांचा, मग भावाचा आणि उरलेल्या वेळात बहिणीचा, हा क्रम सांगण्यासाठी कोणत्याही पाहणीची आवश्यकता नाही.

तेव्हा किनाऱ्यावरच्या दहावीतील विद्यार्थ्याचा आजचा प्रश्न यंत्र नाही हा नव्हे. यंत्राशी काय करावयाचे हे त्याला कोणी शिकविलेले नाही, हा आहे. बोटाने पडदा सरकविणे म्हणजे साधन वापरणे नव्हे. शब्दकोश हाताळता येणे आणि शब्दकोशाची पाने उलटता येणे यांत जो फरक आहे, तोच येथेही आहे. एखादी माहिती कशी शोधावी, मिळालेल्या दहा उत्तरांतून विश्वसनीय कोणते ते कशावरून ठरवावे, दुसऱ्याचे लिखाण घेताना त्याचे श्रेय कसे द्यावे, आपले म्हणणे मराठीत नीट टंकून, चित्रे व तक्ते जोडून इतरांपुढे कसे मांडावे आणि हे सर्व करीत असताना आपले लक्ष पळविणाऱ्या शंभर गोष्टींना दूर कसे ठेवावे, या साऱ्या शिकण्याच्या गोष्टी आहेत. त्या आपोआप येत नाहीत. विचारलेल्या प्रश्नावर क्षणार्धात गोळीबंद निबंध लिहून देणारी यंत्रे आता सर्वांच्या खिशात आली असताना तर या शिक्षणाची निकड अधिकच वाढली आहे. उत्तर फुकट मिळू लागले की ते पारखण्याची किंमत वाढते.

हे शिक्षण कसे देता येईल, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळी पायी गाठता येतो आणि भरतीला पाण्याने वेढला जातो. ही वेळ रोज सारखी नसते, ती दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाण व अष्टमीच्या आसपासचा भांग यांत पाण्याची पातळी किती निराळी असते, हे कोळीवाड्यातील प्रत्येक पोराला ठाऊक असते. त्याच्या या ठाऊक असण्याला शाळेत गुण नाहीत. परंतु शिक्षकाने सांगितले की, घरच्या फोनने महिनाभर धक्क्यावरच्या एकाच पायरीचे भरतीच्या वेळी छायाचित्र काढा, वेळ नोंदवा, तिथी लिहा आणि महिन्याच्या अखेरीस त्याचा आलेख काढा, तर तोच विद्यार्थी चंद्राचे आकर्षण, मापन, आलेख आणि अहवाललेखन हे सारे एका दमात शिकतो. आजोबांचे शब्द ध्वनिमुद्रित करून ठेवावयास सांगितले तर पुस्तकात नसलेला शब्दसंग्रहही जपला जातो. हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राकडून मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना मच्छीमारांपर्यंत मोबाइलवर पोचते. वडील ती सूचना वापरतात. उपग्रहाने समुद्राचे तापमान व रंग मोजून ती कशी तयार होते, हे मुलाने शोधून वडिलांना समजावून सांगितले तर त्या घरात विज्ञान आले असे म्हणता येईल.

अलिबागलाच भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार, त्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील नाजूक मापनात बिघाड होणार, हे ओळखून १९०४ मध्ये हे काम मुंबईच्या गजबजाटातून अलिबागेस आणण्यात आले आणि तेव्हापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद तेथे होत आली आहे. आजच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारी एक सूक्ष्म योजना असते. नकाशावर दिशा दिसते ती तिच्यामुळे. शेजारच्या वेधशाळेत शंभराहून अधिक वर्षे जे मोजले जात आहे ते ढोबळपणे का होईना आपल्या हातातल्या वस्तूने मोजता येते, हे अलिबागच्या विद्यार्थ्याला कळले तर त्या वस्तूकडे पाहण्याची त्याची दृष्टी पालटेल. ते खेळणे राहणार नाही, उपकरण होईल. आणि चांगल्या मापनासाठी गजबजाटापासून दूर जावे लागते, हा त्या वेधशाळेच्या स्थलांतराचा धडाही फोन हाती असलेल्या विद्यार्थ्याला कळल्यास बरेच.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांच्या कामाची सर्वत्र चर्चा झाली. पाठ्यपुस्तकाच्या पानावर छोटी चौकोनी सांकेतिक चिन्हे छापून त्यांतून ध्वनी व चित्रफिती मुलांपर्यंत पोचविण्याची त्यांची कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही आली. या यशात तंत्र फार मोठे नव्हते, साधे होते. मोठी होती ती आपल्या वर्गातील मुलांना नेमके काय अडते हे जाणणाऱ्या शिक्षकाची दृष्टी. यंत्र शिक्षकाची जागा घेईल, असे भाकीत करणारे आणि यंत्राने शिक्षणाचा नाश होईल असे भय घालणारे, दोघेही या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. युनेस्कोने २०२३ मध्ये शिक्षणातील तंत्रज्ञानावर जो अहवाल प्रसिद्ध केला त्याच्या शीर्षकातच हे साधन कोणाच्या अटींवर, असा प्रश्न विचारलेला होता. त्याच वर्षी स्वीडनसारख्या संपन्न देशाने शाळांत छापील पुस्तके पुन्हा अधिक प्रमाणात आणण्यासाठी पैसा उपलब्ध करून दिला. तेव्हा पडद्याचा अतिरेक हीही खरी भीती आहे. पण ज्याच्याकडे पुस्तकेही अपुरी आहेत आणि पडदाही उधारीचा आहे, त्या विद्यार्थ्याला स्वीडनचे उदाहरण देऊन गप्प बसविणे हा न्याय नव्हे.

सार्वजनिक पाणवठा

याच जिल्ह्यातील महाडने एक धडा साऱ्या देशाला दिलेला आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा आदी ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचे जाहीर केले. कागदावर सारे झाले होते. तरीही तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जावे लागले आणि त्या हक्कावर न्यायालयाचे अखेरचे शिक्कामोर्तब व्हावयास १९३७ साल उजाडले. त्या लढ्याची आणि आजच्या प्रश्नाची बरोबरी करणे सर्वथा गैर होईल. तेथे माणसाच्या माणूसपणाचाच प्रश्न होता. पण एखादी गोष्ट सर्वांना खुली असल्याचे घोषित होणे निराळे आणि ती प्रत्येकाच्या ओंजळीत येणे निराळे, हे महाडने शिकविले आहे. ज्ञानाचे भांडार आज सर्वांना खुले आहे, असे रोज सांगितले जाते. १९७६ मध्ये ज्याचा पहिला खंड निघाला तो मराठी विश्वकोश आज कोणालाही संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. २००३ पासून मराठी विकिपीडिया आहे आणि तेथे आपल्या गावाविषयी लिहिण्याचीही कोणाला बंदी नाही. तळे खुले आहे. मात्र काठावर उभे असलेल्यांपैकी किती जणांना उतरण्याची वाट ठाऊक आहे?

केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. वसतिगृहात मुलींना ठरावीक वेळी फोन वापरण्यास मनाई होती. तिने ती मानली नाही आणि न्यायालयात दाद मागितली. हा निर्णय महत्त्वाचा आहे. परंतु हक्क मिळाला म्हणजे कौशल्य मिळाले असे होत नाही आणि कौशल्य देण्याची जबाबदारी न्यायालयाची नव्हे, शाळेची व समाजाची आहे.

ही जबाबदारी पार पाडण्यासाठी नव्या घोषणेची गरज नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेतील संगणक-कक्ष शाळा सुटल्यावर दोन तास उघडा ठेवणे, यंत्र मोडले तर शिक्षकाला जबाबदार न धरता दुरुस्तीसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम शाळेच्या हाती देणे, महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने आधार मिळालेल्या सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक-दोन यंत्रे आणि त्यांविषयी मार्गदर्शन करणारा ग्रंथपाल असणे, मुलींसाठी त्यातील वेळ राखून ठेवणे आणि वादळाच्या वाटेवरील किनाऱ्यावर या जागांना सौरशक्तीचा आधार देणे, ही कामे खर्चाच्या दृष्टीने अवाढव्य नाहीत. त्याहून महत्त्वाचे काम शिक्षकांचे आहे. एका दिवसाच्या शिबिरात कळ कोठे दाबावी हे सांगून शिक्षक तयार होत नाहीत. त्यांना स्वतः काही शोधण्याचा, करून पाहण्याचा आणि चुकण्याचा अवकाश द्यावा लागेल. ज्या शिक्षकाने स्वतः एकही प्रश्न यंत्राच्या साह्याने सोडविलेला नाही, तो विद्यार्थ्याला तसे करावयास शिकवू शकणार नाही.

वादळे पुन्हा येतील. अरबी समुद्र शांत राहील अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पुढच्या खेपेस खांब पडले तर ते पुन्हा उभे करावे लागतील आणि त्यास काही दिवस लागतील. पण त्या दिवसांत किनाऱ्यावरचा विद्यार्थी नुसती वाट पाहत राहणार की वाऱ्याचा वेग, पाण्याची पातळी आणि पडलेल्या झाडांची संख्या आपल्या वहीत नोंदवून, वीज येताच ती सर्वांपुढे मांडणार, हे खांबांवर अवलंबून नाही. ते त्यापूर्वीच्या वर्षांत त्याच्या शाळेने त्याला काय करावयास शिकविले, यावर अवलंबून आहे. खैराटच्या बावीस मुलांपुढे २००७ मध्ये जो प्रश्न ठेवला गेला होता, तोच आज सर्व विद्यार्थ्यांपुढे आहे. फरक एवढाच की तेव्हा यंत्र दूरवरून आणावे लागले होते. आज ते घरातच आहे.